खारपाणपट्ट्यातून कोचीत

कोची समुद्रकाठी आहे, हे मी शाळेत उभी हयात शिकवलं. फळ्यावर भारताचा नकाशा काढायचा, डाव्या अंगाला खाली खडूचा ठिपका द्यायचा, "इथं खारकच्छ आहेत, नारळ आहे, मसाल्याचे पदार्थ आहेत" एवढं म्हणायचं आणि पुढच्या बंदराकडे वळायचं. निवृत्तीनंतर मुलीची बदली नेमकी तिथंच झाली. ती बँकेत कृषी अधिकारी, जावई पुण्यात, नातू लहान. सांभाळायला घरचं माणूस हवं म्हणून आम्ही दोघं मे महिन्यात अकोल्याच्या घराला कुलूप लावून निघालो. अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला. ही म्हणाली, "चला, समुद्राची हवा तं खाऊ."

समुद्र काही सापडेना.

पाणी होतं. पुलावर चढलं की पाणी, पूल उतरलं की पाणी, घराच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी. पण लाट नाही, वाळू नाही, क्षितिज नाही. पलीकडे कायम कुठला तरी काठ, त्यावर माड, नाहीतर बंदराच्या क्रेन. पहिल्याच आठवड्यात मुलीनं एर्नाकुलमच्या मरीन ड्राइव्हवर नेलं. मुंबईचा मरीन ड्राइव्ह पाहिलेला, त्यामुळे नाव ऐकूनच हिनं पिशवीतून रुपया काढला, पाण्यात टाकला, हात जोडले. बाकावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ हसले आणि मुलीला मल्याळममधून काहीतरी म्हणाले. हा समुद्र नव्हे, कायल आहे, म्हणजे खारकच्छ. समुद्र तिकडे, त्या बेटाच्याही मागे. "म्हणजे माहा रुपया समुद्रात गेलाच नाई?" हिनं विचारलं. मुलगी म्हणाली, "ओहोटीला जाईल, आई."

घरी येऊन नकाशा काढून बसलो, तेव्हा जरा उलगडा झाला. वेंबनाड कायल किनाऱ्याला समांतर दक्षिणोत्तर पसरलेली आहे. पेरियार, मूवाट्टुपुळा, मीनच्चिल, पंपा अशा नद्या घाटावरून उतरून थेट समुद्राला न मिळता आधी हिच्यात येतात. कोचीला फोर्ट कोची आणि वैपिन यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या किलोमीटरची एक फट आहे, तेवढ्यातून हे सगळं पाणी समुद्रात जातं आणि समुद्र आत येतो. ही फट १३४१ च्या पेरियारच्या महापुरानं मोकळी झाली आणि त्याच पुरात उत्तरेचं जुनं मुझिरिस बंदर गाळानं बुजलं, असं सांगतात. फटीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता म्हणून मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकायची. १९२० साली आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज अभियंत्यानं तो दांडा कापून काढला आणि उपसलेल्या गाळाचं आतल्या बाजूला बेट उभं केलं : विलिंग्डन आयलंड. त्यावर आज बंदर आहे, नौदल आहे, कचेऱ्या आहेत. मी पोरांना बेटांचे प्रकार शिकवले होते, खंडीय, प्रवाळ, ज्वालामुखीय. उपसलेल्या गाळाचं बेट त्यात नव्हतं.

शहर कुठलं, यावरही एकमत नाही. रेल्वेचं तिकीट कोचीचं मिळत नाही, एर्नाकुलम जंक्शन किंवा एर्नाकुलम टाऊनचं मिळतं. आम्ही राहायचो तोप्पुंपडीला, म्हणजे पश्चिम कोचीत. तिथले लोक पूल ओलांडून पलीकडे निघाले की "एर्नाकुलमला जाऊन येतो" असं परगावी निघाल्यासारखं सांगतात. महानगरपालिका एकच आहे, तरी.

खरा समुद्र मी पाहिला तो फोर्ट कोचीला, आणि त्याच्याआधी एक जहाज पाहिलं. दोन्ही बाजूंना मोठाली वर्षावृक्षाची झाडं असलेल्या शांत रस्त्यानं चाललो होतो. रस्त्याच्या टोकाला, झाडांच्या वरून, चार-पाच मजल्यांची पांढरी इमारत डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. उन्हाचा त्रास झाला असं वाटून मी नातवाचा हात घट्ट धरला. तो मात्र "कप्पल, कप्पल" करत नाचत होता. बालवाडीत जहाजाला काय म्हणतात ते त्याला आधीच शिकवलेलं होतं. त्या अरुंद फटीतून जहाज बंदराकडे निघालेलं, इतकं जवळून की वरच्या कठड्याला रेलून चहा पिणारा माणूस दिसत होता. त्याच्या पलीकडे समुद्र. मातकट, चिंचोळी वाळू, काठाला वाहून आलेली जलपर्णी, प्लास्टिकच्या बाटल्या. ही दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "बरं हाय."

तिथल्या चिनी जाळ्यांचे फोटो प्रत्येक कॅलेंडरवर असतात. फोटोत न कळणारी गोष्ट म्हणजे त्यांचं वजन. सागवानी वासे आणि बांबू बांधून उभा केलेला सांगाडा, त्याच्या चार वाकड्या हातांत पसरलेलं जाळं. एक माणूस मधल्या मोठ्या वाशावरून तोल सावरत पाण्याच्या दिशेनं चालत जातो, त्याच्या भारानं अख्खा सांगाडा झुकतो आणि जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबायचं. मग पाच-सहा जण मागच्या दोरांना लोंबकळतात. दोरांना कमी-जास्त उंचीवर मोठाले दगड टांगलेले असतात. जाळं जसजसं वर येतं तसतसे ते एकेक करून खाली फळ्यांवर टेकतात आणि सांगाड्याचा तोल राहतो. पदार्थविज्ञानाच्या सरांना हे दाखवायला हवं होतं. एवढ्या खटाटोपातून एकदा मूठभर मासे आणि एक खेकडा निघाला. ओढणारा माणूस माझ्याकडे बघून हसला आणि दोराकडे बोट दाखवून ओढता का असं खुणेनं विचारलं. मी ओढला. दोराला खारट ओल होती आणि काथ्याची कूस तळहातात दोन दिवस राहिली. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली असं म्हणतात, पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली असंही म्हणतात. आता काही ठिकाणी लाकडाऐवजी लोखंडी पाइप आलेत.

बाकी प्रेक्षणीय स्थळांचं मी फार सांगत नाही, ती सगळ्या पुस्तकांत आहेत. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं. पुढं त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, जागेवर दगड राहिला. लोक त्या रिकाम्या कबरीचे फोटो काढतात. मला वर टांगलेले कापडी पंखे आणि त्यांचे बाहेर गेलेले दोर जास्त बघावेसे वाटले. आत प्रार्थना चालायची आणि भिंतीबाहेर कोणीतरी दोर ओढत बसायचा.

आता घामाबद्दल. अकोल्याचा उन्हाळा माणसाला भाजतो. पण सावलीत बसलं, कूलरसमोर आलं की सुटका असते. कोचीत पारा तेहतिशीच्या वर जात नव्हता आणि आंघोळ करून अंग पुसेपर्यंत परत घाम. हवेतच इतकं बाष्प की घाम वाळायला जागाच नाही, हे कारण मला पाठ होतं. शर्ट पाठीला चिकटलेला असताना ते आठवून काही फायदा झाला नाही.

ओलीचा खरा हिशोब स्वयंपाकघरात होता. मिठाच्या बरणीत तळाला पाणी सुटायचं. हिनं आणलेलं ज्वारीचं पीठ जूनमध्ये गुठळ्या होऊन आंबूस झालं. माझी कोल्हापुरी चप्पल कपाटात चार दिवस राहिली तर तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशी. हिनं सवयीनं गच्चीवर पापड वाळत घालायचं म्हटलं तर गच्चीवर पत्र्याचं छप्पर! तिकडे घराघरावर असं छप्पर असतं. आधी मला तो अतिरिक्त खर्च वाटला. पाऊस सुरू झाल्यावर कळलं की कपडे वाळवायची ती एकच जागा आहे.

मोसमी पावसाचं आगमन मी केरळात बसून पाहणार, याचं मला फार अप्रूप होतं. १ जून ही सरासरी तारीख. पण हवामान खातं ते उगाच जाहीर करत नाही. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस २.५ मिलीमीटर किंवा जास्त पाऊस व्हावा लागतो, शिवाय पश्चिमेच्या वाऱ्याची जाडी आणि वेग बघतात, ढगांचं आवरण बघतात. त्या १४ केंद्रांत कोची आहे. मी वही घेऊन सज्जात बसलो. रोज दुपारनंतर पूर्वेकडून गडगडाट करत वळवाचा पाऊस यायचा, मी विचारायचो, "आला का?" शेजारचे चेट्टन, म्हणजे दादा, मान हलवायचे. मग एका पहाटे वीज नाही, गडगडाट नाही, वारं पश्चिमेचं आणि एका लयीत पाऊस. सकाळी फाटकाशी चेट्टन छत्री घेऊन उभे होते. एवढंच म्हणाले, "माशे, वन्नु." आला. तिकडे शिक्षकाला माश म्हणतात, आणि मी शिक्षक होतो हे समजल्यापासून गल्लीतली पोरंसोरं, दूधवाला, केशकर्तनालयातला माणूस, सगळ्यांचा मी माश झालो. अकोल्यात निवृत्त झाल्यावर "सर" म्हणणारे कमी होत गेले होते, ते तिकडे भरून निघालं.

अकोल्याला वर्षाला पडतो साधारण आठशे मिलीमीटर. कोचीला तीन हजारांच्या आसपास. पण आकडा सोडा. आमच्याकडे पाऊस पडला की माणसं ओट्यावर येऊन बघत बसतात, फोन करून विचारतात तुमच्याकडे पडला का. तिकडे कोणी बघतही नव्हतं. शाळा भरत होत्या, बसगाड्या धावत होत्या, बसच्या खिडक्यांना काचेऐवजी ताडपत्रीचे पडदे असतात, ते फक्त खाली आले होते.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगतो. हॉटेलात बसल्याबरोबर गुलाबी रंगाचं गरम पाणी समोर ठेवलं. ही म्हणाली, "हे पानी व्हय का शरबत?" पतंगाच्या लाकडाचा काढा घालून उकळलेलं पाणी, पतिमुगम. रंग बघून बिचकलो, नंतर त्याचीच सवय लागली. भात जाडा, तांबूस, उकड्या तांदळाचा. भाकरीवर वाढलेल्या माणसाला तो भातापेक्षा भाकरीचाच नातलग वाटतो. सकाळी पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची कडला करी. मासे म्हणाल तर आमची हयात पूर्णेच्या मरळीवर आणि झिंग्यांवर गेलेली. करिमीन मला काट्यांमुळे जमला नाही, तारली मात्र जमली. हिला एकच गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही, प्रत्येक भाजीत खोबरं.

तोप्पुंपडीला मासेमारीचं बंदर आहे. जूनमध्ये ते एकदम सुनं झालं. ट्रॉलर गळ्यात गळा घालून उभे, जाळी विणणारी माणसं, बर्फाचे कारखाने बंद. केरळात ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत, ५२ दिवस, ट्रॉलिंगला बंदी असते. माशांचा विणीचा हंगाम. आमच्याकडे पेरणीनंतर बाजार थंडावतो, तशी बंदराची आळी उधारीवर चालली होती. चहावाल्याच्या भिंतीवर खडूनं नावं आणि आकडे. ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत पहाटे तिकडे गेलो, तर उभं राहायला जागा नाही. ओल्या फरशीवर गुलाबी किळिमीनचे ढीग, माकुळाच्या टोपल्या, आणि लिलाव पुकारणाऱ्याचा एकसुरी आवाज इतका भरभर की आकडा कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो ते कळेना. बोली लावणारा हात वर करत नव्हता, नुसती भुवई. चहावाला भिंत पुसत होता.

मला सगळ्यात आवडलं ते जलवाहतुकीचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो म्हणजे थंडगार काचबंद बोट, बॅटरीवर चालणारी, आवाज नाही, धक्का तरंगता, त्यामुळे भरती असो ओहोटी असो पाय टाकायला पातळी सारखी. मुंबईला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, कोचीला जेमतेम मीटरभर, तरी म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला मीटर पुष्कळ. पण मी मुद्दाम जायचो राज्य जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटीनं. तिकीट दहा रुपयांच्या आत. वर एका चौकोनी खोक्यात स्रांक चाक धरून उभा, इंजिनवाला खाली, आणि दोघांमध्ये बोलणं नाही, फक्त दोरी आणि घंटा. किती टोले म्हणजे पुढे, किती म्हणजे मागे, हे मी बरेच दिवस मोजत होतो. एकदा बोट धक्क्याला लागताना टोले पडत असतानाच मी पुढचा टोला तोंडानं म्हटला आणि शेजारच्या बाईंनी चमकून बघितलं.

पावसाळ्यात कायलीवर जलपर्णीचे हिरवे तराफे वाहत येतात, बोटीच्या पंख्यात अडकतात, एखादा बगळा त्यावर उभा राहून शहर बघत निघालेला असतो. मी स्रांकला हिंदीतून विचारलं, हे काढत नाहीत का? तो म्हणाला, नमक आएगा तो मर जाएगा.

तोपर्यंत मला वाटत होतं की कोचीचं पाणी खारं आहे. ते कधी खारं असतं आणि कधी नसतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मी मूळचा अकोटकडचा, पूर्णेच्या खोऱ्यातला. आमचा खारपाणपट्टा पुण्या-मुंबईकडच्या लोकांना ऐकून माहीत असतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि विहिरीचं पाणी खारं. पिता येत नाही, पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो. माझ्या लहानपणी प्यायचं पाणी बैलगाडीवर टाकी ठेवून आणायचे. पुढे ८४ खेडी योजना आली, वान धरणाचं पाणी नळानं आलं. कापूस, तूर, मूग, आणि हिवाळ्यात दवावर येणारा हरभरा. आमच्याकडे खारं म्हणजे कायमचं खारं. ते येत नाही, जात नाही. लग्न ठरवताना मुलीचा बाप विचारायचा, गाव खाऱ्यात आहे का?

कोचीत खाऱ्याला महिने आहेत. जूनपासून नद्या एवढं गोडं पाणी आणून ओततात की समुद्राला मागे सरकावं लागतं आणि कायल जवळजवळ गोडी होते. पाऊस ओसरला की खारं हळूहळू आत चढायला लागतं. ओरुवेळ्ळम म्हणतात त्याला. जलपर्णी पिवळी पडून सडते. दक्षिणेला कुट्टनाडच्या भातशेतीत ते शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमला कायलीच्या आरपार बंधारा घातलेला आहे. त्याच्या झडपा १५ डिसेंबरला बंद करून १५ मार्चला उघडायच्या असा रिवाज. दरवर्षी त्यावरून भांडण. भातवाल्यांना झडपा बंद हव्यात, मासेवाल्यांना उघड्या, कारण खाऱ्याशिवाय मासा-कोळंबी आत येत नाही. पेपरात फोटो बघून मला ओळखीचं वाटलं. आमच्याकडे कालव्याच्या पाण्यावरून अशीच तोंडं होतात, फक्त तिथं गोडं मागतात.

डिसेंबरात एका सकाळी शेजारच्या चेच्चीच्या, म्हणजे ताईंच्या, बहिणीकडे कुंबळंगीला गेलो होतो. आभाळ निरभ्र, महिनाभर पावसाचा थेंब नाही, आणि अंगणात घोटाभर पाणी. तुळशीएवढ्या उंचीच्या ओट्यावर कोंबड्या चढून बसलेल्या. घरातल्या कोणाला त्याचं काही विशेष नव्हतं. बाईंनी पदर खोचल्यासारखा मुंडू वर घेतला, विटांवर विटा ठेवून आम्हाला आत यायला वाट केली आणि चहा टाकला. वृश्चिक महिन्याची भरती, दोन-तीन तासांत उतरेल, म्हणाल्या. उतरली. जाताना भिंतीवर वीतभर उंचीची ओली रेघ ठेवून गेली. त्या रेघेखालचा गिलावा सगळीकडे पोपडे धरून सुटलेला होता, आत वीट पिठासारखी भुसभुशीत. मी बोटानं उकरून जिभेला लावलं. खारट. हे आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीलाही होतं. बाईंच्या म्हणण्यानुसार पूर्वी हे वर्षातून थोडे दिवस यायचं, आता जास्त येतं आणि जास्त आत येतं. मागच्या दारी नळ होता, त्याला पाणी नव्हतं. टँकरची वाट बघत निळे पिंप ओळीनं मांडलेले. चहूकडे पाणी आणि प्यायला टँकर. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या बाईंच्या मानानं शहरात राहणारे आम्ही सुखी. रहिवासी आणि पाहुणा यांतला फरक तिथं भिंतीवर दिसतो.

मराठी बोलायची भूक लागायची. नातवाला तर अकोल्याच्या आजोबांशी मल्याळम बोलण्यात मजा यायला लागली होती. मट्टांचेरीत तिरुमल देवस्वमच्या आसपास कोकणी बोलणारी घरं आहेत, पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेल्यांची. तिथल्या बाजारात मागून ओळखीचे हेल ऐकू आले की मी उगीच थांबायचो. पण अस्सल मराठी भेटलं एर्नाकुलमच्या ब्रॉडवेच्या मागच्या गल्लीत. दारावर मल्याळम पाटी, आत शेगडी, मूस, तेजाबाचा उग्र वास, आणि भिंतीवर रेवणसिद्धाचा फोटो. विट्याकडचे गलाईवाले. जुनं सोनं वितळवून, शुद्ध करून देणं हा सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातल्या माणसांचा धंदा देशभर आहे, हे ऐकून होतो. गिऱ्हाइकाशी त्यांचं मल्याळम ऐकलं असतं तर मी त्यांना तिकडचेच समजलो असतो. माझ्याकडे वळून म्हणाले, "बसा गुरुजी, च्या घ्या. वऱ्हाडातलं का? लांब आलासा." पोरगं तिथंच शिकलं, जत्रेला तेवढं गावाकडं जातो. त्यांना विचारलं, इथली ओल सोसते का? "आमच्याकडं धग हाय की दिवसभर," म्हणाले आणि फुंकणी हातात घेतली.

जानेवारीत मुलगी कर्जदाराच्या शेताची पाहणी करायला एळिक्कराला निघाली, मला बरोबर घेऊन गेली. पोक्काळीचं शेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ती हे परीक्षेपुरतं शिकली होती, मी तेवढंही नाही. मी शेत बघायला गेलो आणि समोर तलाव. कमरेएवढं पाणी, मातीचा बांध, बांधात लाकडी दार, त्याला जाळं. शेतमालक बांधावर कळकाच्या माचीवर बसलेले. साठीच्या पुढचे, उघडे, कमरेला मुंडू. मुलगी दुभाष्या.

त्यांनी सांगितलं ते असं. एप्रिलच्या सुमाराला खारं पाणी काढून टाकतात आणि चिखलाचे छोटे छोटे ढीग करून ठेवतात. जूनचा पाऊस ढिगांवर पडतो आणि मीठ धुऊन खाली नेतो. ढिगाचा माथा गोडा झाला की त्यावर मोड आलेलं बी टाकायचं. महिन्याभरानं ढीग मोडून रोपं शेतभर पसरायची. खत नाही, फवारणी नाही. रोप पाण्याबरोबर वाढतं, माणसाएवढं होतं. ऑक्टोबरात कापणी : बाया पाण्यात उतरून फक्त वरची लोंबी कापतात, ताट तसंच ठेवतात. मग दार उघडायचं आणि भरतीबरोबर खारं पाणी आत घ्यायचं. त्या पाण्यातून कोळंबीची पिल्लं येतात, कुजलेल्या ताटावर पोसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीनंतर, रात्री, दारापाशी दिवा टांगतात. ओहोटीचं पाणी बाहेर निघताना कोळंबी दिव्याकडे येते आणि दाराच्या जाळ्यात सापडते. एप्रिलला परत पाणी काढायचं. भाताला कोळंबीची विष्ठा, कोळंबीला भाताचं ताट.

मी दारापाशी वाकून बघितलं. फळ्या एकावर एक खाचेत बसवलेल्या, वरची काढली की तेवढंच पाणी. लाकूड काळं पडलेलं, खाचा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. एवढ्याशा दारानं एकरच्या एकर जमिनीचं मीठ आत-बाहेर होत होतं. मी मुलीला म्हटलं, आपल्याकडे ओहोटी असती तर. ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडे नदीलाच पाणी नाही."

सगळं सुरळीत नाही, हेही त्यांनी सांगितलं. कापणीला बाया मिळत नाहीत, पाण्यात उभं राहायचं काम कोणाला नको. पुष्कळ जण भाताचं सोडून वर्षभर कोळंबीच ठेवतात, आणि मग पेरणाऱ्याच्या शेतात शेजारचं खारं झिरपतं. मुलीच्या फायलीत ते शेत ज्या रकान्यात लिहायचं तो रकाना तिच्या बँकेच्या छापील अर्जात नव्हता, भात लिहावं की मत्स्यपालन यावर आमची गाडीत अर्धा तास चर्चा झाली.

मग त्यांनी मला विचारलं, माशच्या गावाला काय पिकतं? मुलीनं खारपाणपट्टा समजावला. जमिनीखाली खारं पाणी, समुद्र नाही, भरती नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. तर मग काय पेरता? मी म्हटलं, हिवाळ्यात हरभरा. कडला.

कडला! त्यांनी पोटावर हात ठेवला. सकाळी पुट्टूबरोबर तीच खाल्ली होती, रोजच खातात. पण झाड कधी पाहिलेलं नव्हतं. जमिनीखाली लागतो का, शेंगदाण्यासारखा? मी काडी घेऊन बांधाच्या ओल्या मातीत रोप काढलं, वीतभर उंची, बारकी पानं, घाटा, घाट्यात एक-दोन दाणे. पानावर आंब असते, सकाळी शेतातून चाललं की धोतर चावल्यासारखं होतं, हेही सांगितलं. मुलीला "आंब" सांगता येईना, तिनं हातवारे केले. मग त्यांनी विचारलं, पाणी किती लागतं?

देतच नाही, मी म्हटलं. पेरलं की सोडून द्यायचं. जमिनीत पावसाची ओल असते आणि रात्री दव पडतं, तेवढ्यावर येतो.

त्यांनी मातीतल्या चित्राकडे बघितलं, समोरच्या कमरेएवढ्या पाण्याकडे बघितलं आणि मुलीला मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. ती हसायला लागली. मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हणतात, माश थट्टा करताहेत का?"